मुंबईहून एका दिवसात बडोदा: जा, आणि कोणाला न कळवता जा

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकून बरीच वर्षं झाली, आता मुंबईत आहे, एखाद्या सुट्टीला उठून रेल्वेनं जावं आणि रात्रीपर्यंत परतावं असं सारखं वाटतं. एका दिवसात हे जमतं का, आणि एवढ्याशा वेळासाठी जाण्यात अर्थ आहे का?

जमतं. अर्थही आहे. मी त्याच विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकले, मीही बोरिवलीला राहते, आणि गेल्या हिवाळ्यात मी नेमकं हेच केलं. शुक्रवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं एक काम रद्द झाल्याचा निरोप आला, मी ॲप उघडून पाहिलं तर सकाळच्या गाडीत चेअर कारची जागा शिल्लक होती. तिकीट काढलं आणि झोपले. घरच्यांखेरीज कोणालाही सांगितलं नाही.

माझ्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे, म्हणून आधी सांगते. बडोद्यात कोणाला कळवू नका. माझ्या वर्गातल्या दोघी अजून तिथेच आहेत, हॉस्टेलच्या दिवसांत मला मुलीसारखं सांभाळणारं एक कुटुंब आहे. त्यांना कळवून गेलं की स्टेशनवर कोणीतरी घ्यायला येतं, मग नाश्ता, मग 'जेवल्याशिवाय कशी जाशील', मग दुपारची झोप टाळून मारलेल्या गप्पा, आणि चारच्या गाडीला परत सोडायला सगळे. तो दिवस फार सुखाचा असतो, पण तो माणसांचा दिवस असतो. गाव पाहायचं राहतं. त्यांच्यासाठी वेगळं जा, मुक्कामाला जा. हा एक दिवस गावाला द्या.

गाड्यांचं गणित सोपं आहे. मुंबई सेंट्रलहून सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास वंदे भारत आणि शताब्दी सुटतात, दोन्ही बोरिवलीला थांबतात आणि अकराच्या आत बडोद्याला पोचवतात. परतीच्या त्याच दोन गाड्या दुपारी चार ते पाचच्या दरम्यान बडोद्याहून निघतात. म्हणजे हातात पाच-सहा तास. दोन्ही गाड्यांना आठवड्यातून एकेक दिवस सुट्टी असते, तेवढं पाहून घ्या. ऐनवेळी ठरवलंत तर आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं तत्काळ उघडतं, आणि चार्ट लागल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात. आणखी वेळ हवा असेल तर आदल्या रात्रीची गाडी धरा. आपल्या वेळची ती मुंबई सेंट्रलची वडोदरा एक्स्प्रेस आठवते ना, तिकीट कन्फर्म नसलं तरी सगळे चढायचे ती? आता ती दादरहून सुटते आणि पुढे एकतानगरपर्यंत जाते. पहाटे उतरलं की कमाटीबागेत चालायला येणाऱ्यांबरोबर दिवस सुरू करता येतो.

वाटेत झोपू नका, निदान सुरतच्या पुढे तरी. सुरत सोडली की तापी, आणि भरूचच्या अलीकडे नर्मदा. आपली गाडी जाते तो पूल १९३५ सालचा, आणि शेजारी दिसतो तो १८८१ साली पुरा झालेला जुना गोल्डन ब्रिज. नर्मदेचं पात्र तिथे इतकं रुंद आहे की भर वेगातल्या गाडीलाही ते ओलांडायला वेळ लागतो, आणि अख्खा डबा मोबाइलवरून मान वर करतो. मग मियागाम करजण येतं. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, पण पाटी दिसते. या मियागामपासून डभोईपर्यंत गायकवाडांनी १८६२ मध्ये नॅरोगेज रूळ टाकले. देशातली ती पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढायचे. रेल्वेच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण पुढे याच बडोद्यात, लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात होऊ लागलं, आणि आता तिथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. बडोद्याला रेल्वेनंच जावं असं मला वाटतं ते यामुळेही.

स्टेशनवर उतरलात की अलकापुरीच्या बाजूला जाऊ नका, सयाजीगंजच्या बाजूनं बाहेर पडा. मुंबईहून एका दिवसात इतर कोणत्याही विद्यापीठाच्या गावी असं होत नाही: प्लॅटफॉर्मवरून चालत काही मिनिटांत तुम्ही थेट फॅकल्टीच्या आवारात असता. रिक्षा नको, पत्ता नको. आर्ट्स फॅकल्टीचा घुमट आधी झाडांच्या वर दिसतो, मग इमारत. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजसाठी रॉबर्ट चिझम यांनी ही वास्तू आखली. घुमटाखाली उभं राहिलं की विजापूरच्या गोलघुमटाची आठवण येते, आणि ती यावी अशीच त्याची रचना आहे. मी गेले तेव्हा परीक्षा जवळ आल्या असाव्यात. कमानींच्या गारव्यात मुलं-मुली वह्या पसरून बसली होती, कोणीतरी मोठ्यानं व्याख्या पाठ करत होतं. वॉचमनला 'हूं अहीं भणेली छूं', म्हणजे मी इथेच शिकले आहे, एवढं सांगितलं, त्यानं मान हलवली आणि आत सोडलं. तुम्हीही गुजरातीतच बोला. येत नसेल तरी दोन वाक्यं जमवा.

या कॉलेजात १८९३ ते १९०६ या काळात अरविंद घोष बडोदा संस्थानाच्या नोकरीत असताना फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत होते. याच कॉलेजात विनोबा शिकले. विनोबांची गोष्ट तुमच्या प्रश्नाशी फार जवळची आहे. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीची गाडी पकडली. पुढे घरी पत्र गेलं की परीक्षेला न जाता मी दुसरीकडे जातो आहे. वीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा तो निर्णय. परतीच्या गाडीत सुरत येईल तेव्हा तुम्हाला हे आठवेल, मला आठवलं.

विद्यापीठ म्हणून मान्यता मिळाली ती १९४९ मध्ये, आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. मुला-मुलींच्या एकत्र विद्यापीठाची कुलगुरू झालेली ही देशातली पहिली स्त्री. घटना समितीत त्या होत्याच, पण मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या जुन्या शब्दाच्या जागी 'सर्व मानव' आलं तेही त्यांच्या आग्रहामुळे. लायब्ररीला त्यांचं नाव आहे. हॉस्टेलवरून रोज त्या पाटीखालून जाताना मुलींना हे कोणी सांगायला हवं, असं मला त्या दिवशी पुन्हा वाटलं. पाटीवर नाव असतं, काम नसतं.

मग फाइन आर्ट्स. तुम्ही कोणत्याही फॅकल्टीचे असा, पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवारात, पाय टाकाच. १९५० मध्ये ही फॅकल्टी निघाली. चित्रकला शिकवायला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पकलेला शंखो चौधरी. मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट झालेले भूपेन खख्खर १९६२ मध्ये इथे आले ते कलासमीक्षा शिकायला, आणि शेवटपर्यंत बडोद्याचेच राहिले. आमचा म्युझिऑलॉजी विभाग १९५२ चा, या विषयाचा भारतातला पहिला. त्या अंगणात झाडांखाली अर्धवट सोडलेले दगड, लोखंडाचे सांगाडे, प्लास्टरचे साचे अजून तसेच पडलेले असतात, आणि कोणीतरी मुलगी कानाला रुमाल बांधून छिन्नी चालवत असते. मी तिच्याशी बोलले. ती चंद्रपूरची निघाली. तिला मराठीत बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून तिनं काम थांबवलं आणि कँटीनपर्यंत आली. माझे शिक्षक आता निवृत्त आहेत, विभागातल्या खोल्यांची अदलाबदल झाली आहे. पण त्या मुलीचे प्रश्न आमचेच होते: नोकरी मिळेल का, मुंबईला जावं की इथेच स्टुडिओ घ्यावा, घरी काय सांगावं. अर्धा तास बोललो. त्या अर्ध्या तासात माझं शिक्षण मला नीट दिसलं असं म्हणेन. कोणत्या तरी वर्षी एक पदवी मिळाली एवढंच ते नव्हतं. एका जागेनं मला काही प्रश्न विचारायला शिकवले होते आणि ती जागा ते काम अजून करते आहे.

तिथून कमाटीबाग. कागदोपत्री सयाजीबाग, १८७९ ची. दारातला काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, तुम्हाला माहीत आहेच. तो १९०७ चा, फ्रान्सिस डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा. जवळच्या पुलावरून विश्वामित्रीच्या काठांकडे नीट पाहा. थंडीत दुपारी मगरी उन्हाला येऊन पडतात. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी राहतात आणि शहर त्यांना सांभाळून घेतं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या तेव्हा त्यांना पकडून पुन्हा पाण्यात सोडण्यासाठी तरुण मुलं रात्रंदिवस धावत होती.

बागेतल्या संग्रहालयाला मी सर्वात जास्त वेळ दिला, आणि तुम्हीही द्या असं सांगेन. ही माझी प्रॅक्टिकलची जागा होती, त्यामुळे मी पक्षपाती आहे. संग्रहालय १८९४ चं. शेजारची चित्रशाळा १९१४ मध्ये बांधून झाली, पण युरोपात घेतलेली चित्रं महायुद्धामुळे अडकली आणि दालन खुलं व्हायला १९२१ उजाडलं. इजिप्तची ममी पाहायला मुलांची गर्दी असते, आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी तर प्रत्येकजण थबकतो. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखात तो मासा येऊन अडकला होता. सांगाडा ७० फुटांच्या आसपास आहे. पण तुम्ही शोधा ते अकोट्याचे कांस्य. अकोटा म्हणजे आता बडोद्याचाच एक भाग. तिथे पाचव्या ते अकराव्या शतकांतल्या जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा मिळाला. त्यातली चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी स्त्री, हातभरही उंच नाही, पण तिच्या उभं राहण्यात असा सहजपणा आहे की आमच्या सरांनी पहिल्या वर्षी आम्हाला तिच्यासमोर बसवून फक्त पाहायला सांगितलं होतं. लिहायचं नाही, चित्र काढायचं नाही, पाहायचं. नाझी जर्मनीपासून दूर आलेले कलेतिहासकार हर्मन गोएट्झ १९४० च्या दशकात या संग्रहालयाचे संचालक होते. त्यांच्या काळात इथे झालेल्या अभ्यासाचं ऋण आमचा विषय अजून फेडतो आहे. दिव्यांची व्यवस्था आणि माहितीच्या पाट्या याहून चांगल्या व्हायला हव्यात, हे मला फार मनापासून वाटतं. एवढा संग्रह मुंबईत असता तर रांगा लागल्या असत्या.

आता या बागेतली दुसरी जागा. इथे जाताना घाई करू नका. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण करून बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी आले. संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते. गावात त्यांना राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाली. ओळखीच्या दोघांकडे विचारलं, तिथेही जागा मिळाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती आणि तोवर पाच तास काढायचे होते. ते त्यांनी या कमाटीबागेत काढले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की लहान मूल निराधार झाल्यावर जसं करतं तसे त्यांना तिथे आई-वडील आठवत राहिले. दोघेही तेव्हा हयात नव्हते. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि २३ सप्टेंबरला देशभरातून लोक येतात. मी गेले तेव्हा नागपूरकडचं एक कुटुंब आलं होतं. आजीबाई पायातल्या चपला काढून उभ्या होत्या आणि नातवाला म्हणत होत्या, 'इथं बसले होते बाबा, गाडीची वाट पाहत.'

ज्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्याच राजधानीत हे घडलं. राजाची इच्छा चांगली असून भागत नाही, शेजाऱ्यांनी दार उघडावं लागतं. बडोद्यात शिकलेल्या प्रत्येकानं दोन्ही गोष्टी बरोबरीनं मनात ठेवाव्यात असं मला वाटतं: आपल्याला ज्या शिक्षणानं घडवलं ते या गावानं दिलं, आणि त्याच गावानं देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाला रात्रीच्या गाडीला लावून दिलं. आपल्याला हॉस्टेलची खोली सहज मिळाली होती. त्या सहजपणाची किंमत कोणी मोजली, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

वेळ उरला तर कीर्तिमंदिर. पुलापलीकडे जवळच आहे. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ च्या दरम्यान तिथल्या भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध. उघडं आहे का ते आधी विचारून जा. आणखी तासभर असेल तर रिक्षानं रावपुऱ्यात तांबेकरवाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा, आतून भिंतभर चित्रांनी भरलेला. पेशवाई थाटाचा वाडा आणि त्यात बग्गीत बसलेले साहेब, दोन्ही एका भिंतीवर. लक्ष्मीविलास पॅलेस मात्र या दिवशी सोडा. त्याला अर्धा दिवस लागतो आणि तो काही आपल्या विद्यार्थीदशेचा भाग नव्हता.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलात बसून थाळी मागवू नका, वेळ जातो. सेव-उसळ खा. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, झणझणीत तर्री आणि पाव. ही उसळ मराठी माणसांबरोबर गेली आणि बडोद्याची झाली. आता अहमदाबादचे लोक ती खायला बडोद्याला येतात. गाडी पकडण्याआधी लीलो चिवडा घ्या, तो बटाट्याचा ओलसर, आंबटगोड. आणि रावपुऱ्यात गेलातच तर दुलीरामचे पेढे. चिवडा दोन दिवसांत संपवा, मुंबईच्या दमट हवेत तो टिकत नाही.

तुम्ही एवढ्या कमी वेळाबद्दल शंका घेतली आहे, त्याबद्दल माझा अनुभव सांगते. पाच-सहा तास कमी नाहीत, उलट त्यांचा फायदा होतो. मुक्काम असला की आपण जुन्या खाणावळी आणि जुन्या खोल्या शोधत फिरतो, त्या सापडत नाहीत आणि मन खट्टू होतं. माझं हॉस्टेल मी बाहेरूनच पाहिलं, आत जायचा प्रयत्नही केला नाही. तिथे आता दुसऱ्या मुलींचं घर आहे. ज्या गोष्टी आपल्या आधी होत्या आणि आपल्यानंतरही राहिल्या, त्यांना वेळ दिला की दिवस भरून पावतो. तो घुमट, बेंद्रेंचं ते अंगण, चामरधारिणी, संकल्पभूमी. त्या वयात यांच्यामधून आपण सायकलवरून भरधाव जात होतो, आता थांबून पाहता येतं.

परतीच्या गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर या, सयाजीगंजच्या रस्त्यावर संध्याकाळी रिक्षांची कोंडी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात दुपारी बागेत उभं राहवत नाही, आणि पावसाळ्यात निघण्याआधी विश्वामित्रीच्या पाण्याची बातमी पाहा. सणाच्या दिवशी किंवा सरकारी सुट्टीला गेलात तर संग्रहालयाचं दार बंद मिळण्याची शक्यता आहे, म्हणून साधा शनिवार निवडा. त्या दिवशी फॅकल्टीत मुलंही भेटतात.

तुम्ही कोणत्या फॅकल्टीला होतात ते लिहिलं नाहीत. टेक्नोचे, म्हणजे टेक्नॉलॉजी फॅकल्टीचे असाल तर दिवसाची आखणी थोडी वेगळी करावी लागेल, कारण मग कलाभवनापासून सुरुवात करायला हवी. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी ते सुरू केलं आणि दादासाहेब फाळकेही तिथे शिकले होते. कळवलंत तर तिथून पुढचा रस्ताही सांगते.